विहिरीचे पाणी निवळले, पण शुद्ध झाले का?



भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या आपल्या सीमाभागात पहिला जोराचा पाऊस झाला की उकिरड्याची घाण वाहत विहिरीत उतरते. चार दिवसांत गाळ बसतो, पाणी निवळते आणि आपण निर्धास्तपणे घागर भरतो. पण पटकी, विषमज्वर, कावीळ यांचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत.

जुन्या माणसांना नारू आठवत असेल. नारूचा रोगी पायऱ्यांच्या विहिरीत उतरे, त्याच्या जखमेतून अळ्या पाण्यात पडत व बारीक पाणकिडे त्या गिळत. ते पाणी पिणाऱ्यालाही नारू होई. लोक पाणी दुहेरी फडक्याने गाळू लागले, पायऱ्यांच्या विहिरी बंद झाल्या आणि १९९६ नंतर भारतात नारू आढळला नाही. मात्र पाणकिडा अडवणारे फडके पटकीचा जंतू अडवत नाही.

म्हणूनच शहरात पाणी तीन टप्प्यांनी शुद्ध करतात. तुरटीने गाळ खाली बसतो, वाळूच्या थरातून पाणी गाळले जाते आणि शेवटी क्लोरिन उरलेले जंतू मारतो. हा क्रम मोडू नये. गढूळ पाण्यात क्लोरिन घाणीवरच खर्च होतो.

गावच्या विहिरीत जंतू मारण्याचे काम ब्लीचिंग पावडर करते. १,००० लिटर पाण्याला सुमारे २.५ ग्रॅम चांगली पावडर लागते. ३ मीटर रुंदीच्या गोल विहिरीत ४ मीटर पाणी असेल, तर ते सुमारे २८,००० लिटर होते. त्याला ७० ग्रॅम पावडर पुरे. ती बादलीत थोड्या पाण्यात कालवावी, बादली पाऊण भरून ढवळावी व दहा मिनिटे ठेवावी. वरची निवळी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोराने विहिरीत सोडावी आणि वरखाली हलवावी. तळाचा चुना विहिरीत टाकू नये. पाणी जड होते. पुढे निदान एक तास पाणी उपसू नये, म्हणून हे काम रात्री करावे असे आम्ही सुचवतो. उघडी राहून ओलावलेली पावडर निकामी असते.

पावडर नसेल तेव्हा पिण्याचे पाणी खळखळ उकळावे. बोअरच्या पाण्यातील फ्लोराईड मात्र उकळून किंवा क्लोरिनने जात नाही; ते पाणी तपासूनच घ्यावे.

आणि एवढे करून घागरीत हात बुडवला, तर सारे श्रम वाया. घागर झाकून ठेवावी, पाणी ओगराळ्याने काढावे. घरातल्या लहानग्याचे जुलाब पुष्कळदा इथेच थांबतात.