तेवीस वर्षांचे मध्यंतर

२०१६ सालचा हिवाळा तोंडावर आला असताना लंडनच्या ओल्ड व्हिक नाट्यगृहात ‘किंग लिअर’ लागले होते. चारशे वर्षांचे जुने नाटक. त्यात नवल ते काय? नवल होते लिअरचे काम करणाऱ्या माणसाचे. म्हाताऱ्या राजाच्या भूमिकेत ८० वर्षांची एक काटकुळी बाई उभी होती आणि त्याआधी जवळजवळ पाव शतक ती रंगभूमीवर आलेली नव्हती. तिचे नाव ग्लेंडा जॅक्सन.

ग्लेंडाचा जन्म ९ मे १९३६ चा, लिव्हरपूलसमोर मर्सी नदीच्या पलीकडे असलेल्या बर्कनहेडचा. वडील गवंडी. आई दुकानांतून आणि लोकांच्या घरी साफसफाईची कामे करी. चार मुलींत ही थोरली. सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि ग्लेंडा ‘बूट्स’ या औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी राहिली. दोन वर्षे तिने तेथे काढली. हौशी नाटकात काम करता करता १९५४ मध्ये तिला शिष्यवृत्ती मिळाली आणि ती लंडनच्या ‘राडा’ या नाट्यशाळेत दाखल झाली. पण शाळा संपली म्हणून दारे उघडली नाहीत. गावोगावच्या नाटक कंपन्या, मधूनमधून बेकारी आणि पोटासाठी मिळेल ते काम, अशी पुढची कित्येक वर्षे गेली.

१९६४ साली पीटर ब्रूकने तिला हेरले. पुढे आपले ‘महाभारत’ रंगमंचावर उभे करणारा तोच हा ब्रूक. त्याच्या ‘मारा-साद’ नाटकातील तिच्या शार्लट कॉर्देने लंडन आणि न्यूयॉर्कचे प्रेक्षक हादरले. मग चित्रपट आले. ‘विमेन इन लव्ह’साठी पहिले ऑस्कर, ‘अ टच ऑफ क्लास’साठी दुसरे. १९७१ मध्ये बीबीसीच्या मालिकेत पहिली एलिझाबेथ राणी साकारताना तिने कपाळावरचे केस चक्क भादरून घेतले. रूढ अर्थाने ती देखणी नव्हती. तिचा आवाज मात्र धारदार होता आणि समोरच्याला खोटे बोलू न देणारी नजर होती.

ऑस्कर घ्यायला ती दोन्ही वेळा गेली नाही. त्या बाहुल्या आईकडे असत. आई त्या इतक्या निगुतीने घासायची, की वरचा मुलामाच उडाला, असे ग्लेंडा सांगत असे. मला ही आठवण फार बोलकी वाटते. अभिनय तिच्या लेखी कष्टाचे काम होते. काम चोख करावे, पण त्याची पूजा मांडू नये, हा त्या घरचा संस्कार असावा.

म्हणूनच १९९२ साली तिने जे केले, ते तिला जमले. थॅचरबाईंच्या धोरणांनी देशाचे जे झाले, त्याचा तिला संताप होता. मजूर पक्षातर्फे ती हॅम्पस्टेड आणि हायगेटमधून उभी राहिली, निवडून आली आणि अभिनय तिने बंद केला. हौसेखातर एखादे नाटक, पाहुणी म्हणून एखादा चित्रपट, असले काही नाही. १९९७ मध्ये ब्लेअर यांच्या सरकारात ती वाहतूक खात्याची कनिष्ठ मंत्री झाली. पुढे इराक युद्धाच्या प्रश्नावर त्याच ब्लेअर यांच्या विरोधात उभी राहिली. २०१० मध्ये अवघ्या ४२ मतांनी जागा राखली. २०१५ साली तिने निवडणूक लढवली नाही. खासदारकीची २३ वर्षे संपली.

ही वर्षे वाया गेली, असे हळहळणारे नाट्यरसिक पुष्कळ होते. ती हळहळ समजू शकते. पण निवृत्तीनंतर सहा महिन्यांनी सहज म्हणून शाखेत यायचे आणि आपल्या जुन्या खुर्चीकडे पाहत उभे राहायचे, असे साहेब मी बँकेच्या नोकरीत पाहिले आहेत. खुर्ची सुटते, साहेबपण सुटत नाही. लिअरचे दुखणे तरी दुसरे काय आहे? राज्य वाटून टाकले, मान मात्र पूर्वीचाच हवा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राटा’मुळे हे दुखणे मराठी माणसाला घरचे वाटते. ग्लेंडाने मात्र आपले राज्य ऐन भरात सोडले आणि त्याचा मान मागे उरावा, अशी अपेक्षा ठेवली नाही. अशा बाईने ऐंशीव्या वर्षी लिअर करावा, यात मला मोठे औचित्य दिसते.

परतल्यावरही तिने हातचे राखून काही केले नाही. २०१८ मध्ये ‘थ्री टॉल विमेन’साठी टोनी पारितोषिक मिळाले. पुढच्या वर्षी ‘एलिझाबेथ इज मिसिंग’ या दूरचित्रवाणीपटात तिने स्मृती हरवत चाललेली मॉड उभी केली. चिठ्ठ्यांवर लिहून ठेवून दिवस सांधणारी, हरवलेल्या मैत्रिणीला शोधणारी ही म्हातारी ज्यांच्या घरात असे आजारपण आहे, त्यांना पाहवणार नाही. पण त्यांनीच ती पाहावी. कारण तिच्यात कीव येण्याजोगे काही नाही. आहे तो हट्ट, राग आणि शाबूत असलेला माणूस.

१५ जून २०२३ रोजी ग्लेंडा गेली, ८७ व्या वर्षी. मायकेल केनबरोबरचा तिचा शेवटचा चित्रपट ‘द ग्रेट एस्केपर’ तिच्या मागे, ऑक्टोबरमध्ये पडद्यावर आला. तोवर शेवटचे काम करून, दुकानातली मुलगी पाळी संपल्यावर काउंटर पुसून निघावी तशी, ती निघून गेली होती.