संलग्न महाविद्यालय-रुग्णालयांतील जागा : अर्ज करण्यापूर्वी

आयुर्वेद महाविद्यालये व त्यांना जोडलेल्या रुग्णालयांच्या पदभरतीच्या जाहिराती प्रसिद्ध झाल्या, की जिल्ह्यातील अनेक वैद्यबंधू व वैद्यभगिनी त्या बारकाईने वाचतात. ग्रामीण व्यवसायातील अनिश्चितता पाहता निश्चित वेतनाची ओढ स्वाभाविक आहे. तथापि अर्ज करण्यापूर्वी काही गोष्टी ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली स्थापन झाले. संलग्न महाविद्यालयांतील जागा विद्यापीठ स्वतः भरत नाही. त्या संचालक संस्था भरते. अध्यापकाच्या नेमणुकीस मात्र विद्यापीठाची मान्यता लागते. म्हणून जागा नियमित की तात्पुरती, निवड समितीमार्फत भरली जाणार की कसे, हे प्रथम लेखी विचारावे.

अध्यापकपदासाठी संबंधित विषयातील पदव्युत्तर पदवी आवश्यक आहे. शिवाय २०२० च्या कायद्यानुसार नव्याने अध्यापनात येणाऱ्यांसाठी राष्ट्रीय पात्रता परीक्षा ठरविण्यात आली असून ती प्रथम २०२४ मध्ये झाली. केवळ बी.ए.एम.एस. असलेल्यांनी रुग्णालयातील वैद्यकीय अधिकारी व निवासी वैद्य या पदांकडे पाहावे. महाविद्यालयाबाहेर समुदाय आरोग्य अधिकारी हे कंत्राटी पद आणि १०८ रुग्णवाहिका सेवा हेही मार्ग आहेत.

रत्नागिरीत २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. परंतु तेथील अध्यापन आधुनिक वैद्यकाचे आहे. आयुर्वेदाच्या अध्यापकास सावंतवाडी, मुंबई किंवा घाटावर जावे लागते. येथेच मोह उत्पन्न होतो : नाव दूरच्या महाविद्यालयाच्या पटावर आणि दवाखाना गावी!

हा मार्ग सर्वथा त्याज्य आहे. राष्ट्रीय आयोगाने प्रत्येक अध्यापकास स्वतंत्र संकेतांक दिला असून उपस्थितीची नोंद आधारशी जोडली आहे; तेव्हा कारवाईचे भय खरेच आहे. त्याहून मोठी हानी विद्यार्थ्याची होते. ज्याने आपल्या गुरूला रुग्णाची नाडी पाहताना, बस्ती देताना कधी पाहिलेच नाही, तो पदवी घेऊन उद्या आपल्याच तालुक्यात पाटी लावणार आहे. चिकित्सेच्या चार पादांत भिषक् प्रथम. तोच अनुपस्थित असेल तर उरलेले तीन काय करणार?

ज्यांना खरोखर जायचे आहे, त्यांनी अवश्य जावे. मात्र जुनाट व्याधींच्या रुग्णांची टिपणे जवळच्या वैद्याकडे सोपवावीत आणि आपल्या औषधविक्रेत्यास दोन-तीन महिने आधी कळवावे. वैद्य निघून गेल्यावर त्याच्या भरवशावर मागविलेली आसवे, चूर्णे व तेले कपाटात पडून राहतात, याचा अनुभव आपल्या औषधालय-चालकांना आहेच.

जागा एक, पण जबाबदारी विद्यार्थी, रुग्ण व गाव अशा तिघांची. तिचा विचार करूनच अर्जावर स्वाक्षरी करावी, ही नम्र विनंती.