ऐकावे जनाचे, पण पारखून

‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ ही म्हण सर्वांच्या परिचयाची आहे. ख्रिस्ती जीवनात मात्र मनालाही कसोटी लावावी लागते. ठाण्यात मासुंदा तलावाजवळील संत जॉन बाप्टिस्ट चर्चमध्ये ईस्ट इंडियन कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या येत आली आहेत. कल्याण-डोंबिवलीत नोकरीनिमित्त आलेली केरळी कुटुंबे स्थिरावली आणि १९८८मध्ये सीरो-मलबार पंथाचा कल्याण धर्मप्रांत स्थापन झाला. या शहरांत आजारपण, विवाह वा नोकरीचा पेच उद्‌भवला की धर्मगुरू, पास्टर, प्रार्थनागटातील ज्येष्ठ आणि नातलग असे अनेकजण सल्ला देतात. बायबलचा आधार प्रत्येकजण देतो. मग शहाणा सल्ला ओळखावा कसा?

बायबलमधील रहबाम राजाची कथा या संदर्भात बोधप्रद आहे. कष्टांचे जू हलके करावे, अशी विनंती प्रजेने केली. वृद्ध मंत्र्यांनी सौम्यपणाचा, तर सवंगड्यांनी अधिक कठोर होण्याचा सल्ला दिला. राजाने स्वतःच्या अहंकाराला रुचणारा सल्ला स्वीकारला आणि दहा वंश त्याच्या राज्यातून फुटले. याचा अर्थ ज्येष्ठांचे म्हणणे नेहमीच योग्य असते, असा नव्हे. दुःख हे पापाचेच फळ होय, असे ईयोबाला सांगणारे मित्र वयाने प्रौढ आणि भाषेने धार्मिक होते. तरीही अखेरीस देवाने त्यांनाच दोषी ठरविले.

धार्मिक भाषेतील अविचारी सल्ला जिवावरही बेतू शकतो. ‘विश्वास असेल तर औषधे बंद करा’ हा त्याचाच नमुना. इन्सुलिनवर असलेल्या मधुमेही रुग्णाने तो ऐकला, तर त्याचा परिणाम भोगावा लागतो रुग्णाला, सल्लागाराला नव्हे. वास्तविक कॅथलिक बायबलमधील सिराखच्या ग्रंथाच्या ३८व्या अध्यायात वैद्याचा मान राखण्यास आणि त्याच वेळी प्रार्थना करण्यासही सांगितले आहे. लूक हा तर स्वतः वैद्य होता.

सल्लागार अधिकारी आणि सद्‌हेतूचा असेल तर? पंडिता रमाबाईंपुढे हाच प्रश्न होता. १८८३मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅम येथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे, असा विचार निघाला. भारतातील त्यांच्या कार्याला त्यामुळे बाधा येईल, असे सांगून मुंबई व लाहोरच्या बिशपांनी १८८५मध्ये त्यास विरोध केला. रमाबाईंनी तो निमूटपणे मान्य केला नाही. आपण भारतात पुरुषांसमोर बोललो आहोत, याची आठवण देत त्यांनी पत्रांतून सविस्तर युक्तिवाद केला आणि सद्‌सद्विवेकाचे स्वातंत्र्य जपले. १८८९मध्ये याच रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उभारले. प्रश्न विचारणे म्हणजे अश्रद्धा नव्हे, हे त्यांच्या उदाहरणावरून दिसते.

याकोबाच्या पत्रातील तिसऱ्या अध्यायानुसार खरे ज्ञान शुद्ध, शांतिप्रिय, सौम्य, दयाळू व निःपक्षपाती असते आणि ते दुसऱ्याचे ऐकून घेते. यावरून काही साधे प्रश्न निघतात. सल्ल्यातून लाभ कोणाचा? परिणाम कोण भोगणार? घाई वा भीती दाखविली जाते काय? त्या विषयातील जाणकाराला विचारण्याची मोकळीक आहे काय? प्रश्न विचारताच जो सल्लागार संतापतो, त्याचा सल्ला स्वीकारण्यापूर्वी थांबलेले बरे. शहाण्या सल्ल्याला पारखले जाण्याचे भय नसते.