हंगामी राज्यकर्त्याचा हिशेब कसा करावा?

हुकूमशहा गेला की लोक आनंदाने रस्त्यावर येतात. ते साहजिकच आहे. पण त्याच्या जागी जो हंगामी राज्यकर्ता बसतो, त्याची पारख कोणत्या मापाने करायची? ठरल्या तारखेला खुर्ची सोडली की तो चांगला, असे पुष्कळ जण म्हणतात. आम्हाला हे माप अपुरे वाटते. आफ्रिकेतील सुदान देशाचे उदाहरण याबाबत विचार करण्यासारखे आहे.

तेथे जनरल निमेरी यांनी १९६९ साली सत्ता बळकावली. १९८३ मध्ये त्यांनी हातपाय तोडण्याच्या शिक्षा असलेले धार्मिक कायदे लादले. जानेवारी १९८५ मध्ये महमूद मोहम्मद ताहा या वयोवृद्ध विचारवंताला फासावर चढवले. मार्चमध्ये पाव महागला आणि लोकांचा संयम सुटला. डॉक्टर, वकील, इंजिनीयर यांच्या संघटना संपावर गेल्या. ६ एप्रिल १९८५ रोजी संरक्षणमंत्री जनरल स्वार अल-दहाब यांनी निमेरींना दूर करून सत्ता हाती घेतली आणि वर्षभरात निवडणूक घेण्याचे वचन दिले.

त्यांनी ते पाळले. एप्रिल १९८६ मध्ये मतदान झाले, आणि लोकांनी निवडलेल्या सरकारकडे कारभार सोपवून जनरल बाजूला झाले. लष्करी माणसाने आपण होऊन खुर्ची सोडावी ही लहान गोष्ट नव्हे. तिचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

पण वहीचे दुसरे पानही उलटून पाहू. १९८३ चे कायदे त्यांनी रद्द केले नाहीत. दक्षिणेतील युद्ध थांबले नाही, त्यामुळे तेथील अनेक मतदारसंघांत मतदानच होऊ शकले नाही. ही बाकी पुढच्या सरकारच्या माथी आली. त्यालाही ती फेडता आली नाही, आणि ३० जून १९८९ रोजी ओमर अल-बशीर यांनी लष्करी उठाव केला. ते पुढे तीस वर्षे बसले.

एप्रिल २०१९ मध्ये बशीरही गेले. या वेळी अर्थतज्ज्ञ अब्दल्ला हमदोक हंगामी पंतप्रधान झाले. त्यांच्या काळात स्त्रियांच्या पोशाखावर आणि वावरावर बंधने घालणारा कायदा रद्द झाला, धर्मत्यागाची देहदंडाची शिक्षाही गेली. म्हणजे पहिल्याने जे टाळले, ते दुसऱ्याने केले. पण बंदुका सेनापतींच्याच हाती राहिल्या. २५ ऑक्टोबर २०२१ रोजी त्याच सेनापतींनी हमदोक यांना अटक केली. १५ एप्रिल २०२३ पासून लष्कर आणि निमलष्करी दल आपसांत लढू लागले. एक कोटीहून अधिक लोकांना घरदार सोडावे लागले.

म्हणून आमच्या मते केवळ तारीख पाहून भागत नाही. चार प्रश्न विचारावेत. जुलमी कायदे गेले का? बंदूक कोणाच्या हुकमात आहे? देशाच्या कोपऱ्यातल्या माणसाला मत देता आले का? आणि ठरल्या दिवशी खुर्ची रिकामी झाली का? चारही गोष्टी एकट्या माणसाच्या हाती नसतात, हे आम्हीही जाणतो. म्हणून निकाल देताना त्याने काय केले याबरोबर त्याला काय करणे शक्य होते, हेही पाहावे. स्वार अल-दहाब यांच्या हाती सेना होती, हमदोक यांच्या हाती नव्हती. ज्याच्या हाती जास्त, त्याच्याकडून हिशेबही जास्त मागावा.