एकाच वायरीत ४,०९४ नेटवर्क

चामोर्शीत ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या कुठल्याही दुकानात जा, भिंतीवर अँटेनावाला डबा, म्हणजे राउटर, लुकलुकत असतो. सातबारा त्यातूनच येतो, शिष्यवृत्तीचा अर्ज त्यातूनच जातो. अशा पुष्कळ राउटरांच्या पोटात चक्क लिनक्स या संगणकप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल असतो!

दुकानदाराचा प्रिंटर वायरीवर, गिऱ्हाइकाचा मोबाइल वायफायवर. तरी प्रिंट निघते. ही करामत कर्नलमधल्या ‘ब्रिज’ची. कुठल्या यंत्राचा मॅक पत्ता, म्हणजे त्याची नेटवर्कवरची ओळख, कुठल्या पोर्टातून (जोडणीच्या तोंडातून) आला, हे तो आपलं आपण टिपून ठेवतो. पाच मिनिटं त्या यंत्राकडून काहीच आलं नाही, की नोंद पुसतो. आणि पत्ता ठाऊकच नसेल तर? सगळ्या पोर्टांवर एकदम पुकारा.

गोची इथेच आहे. इथरनेटच्या फ्रेमला, म्हणजे वायरीतून जाणाऱ्या माहितीच्या पुडक्याला, आयुष्यमर्यादा नसते. टेबल सरकवताना स्विचला (वायरी एकत्र जोडणाऱ्या डब्याला) लावलेल्या वायरीचं सुटं टोक दिसलं आणि कुणी मदत म्हणून ते त्याच स्विचमध्ये खोचलं, की पुकारा गोल गोल फिरत राहतो. दिवे वेड्यासारखे लुकलुकतात, नेट मात्र ठप्प. यावरचा उतारा रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कंपनीत शोधला: गोल फिरणारी जास्तीची वाट बंद ठेवणारा स्पॅनिंग ट्री. त्यावर बाईंनी कवितासुद्धा केली! लिनक्सच्या ब्रिजमध्ये हा उतारा असतो, पण मुळात बंद. चालू केला तर नवं पोर्ट कामाला लागण्याआधी साधारण ३० सेकंद घेतं.

जोडणं झालं; आता तोडणं, म्हणजे एकाच वायरीवर वेगवेगळी नेटवर्कं करणारं व्हीलॅन. चामोर्शीच्या स्टँडवर मूल, आष्टी, गडचिरोलीच्या गाड्या लागतात. स्टँड एकच, माणूस पाटी बघून चढतो. इथे फ्रेमला ४ बाइटची पाटी लागते. तिच्यात नेटवर्कच्या नंबरासाठी १२ बिट, म्हणजे ४,०९६ नंबर. शून्य आणि ४,०९५ राखीव, उरले ४,०९४. सीसीटीव्ही, कार्यालय आणि पाहुण्यांचं वायफाय एकाच वायरीतून जातात, एकमेकांना दिसत नाहीत. क्लाउडवाल्यांना तेवढेही पुरेनात. त्यांच्या व्हीएक्सलॅनमध्ये २४ बिट, म्हणजे १ कोटी ६७ लाखांवर नंबर.

लिनक्समध्ये व्हीलॅन २.४ मालिकेतच आलं. ब्रिज स्वतः पाट्या तपासू लागला तो २०१३ च्या ३.९ आवृत्तीपासून. म्हणजे कर्नल केव्हाच तयार आहे, घोडं अडतं ते स्वस्तातल्या स्विचपाशी. शाळेच्या लॅबसाठी किंवा ग्रामपंचायतीसाठी स्विच घेताना तो ‘मॅनेज्ड’, म्हणजे सेटिंग बदलता येणारा, आहे का, एवढं विचाराच. साध्या स्विचवर ही विभागणी करता येत नाही.