जाचहाटीची फिर्याद आणि आरोपीचा बचाव

१९८२ सालच्या जून महिन्यात, विवाहाला जेमतेम चार महिने झाले असता, मंजुश्री सारडा ही तरुण विवाहिता पुण्यात सासरच्या घरी विषप्रयोगाने मृत्यू पावली, आणि त्या एका मृत्यूने स्वतःच्या सुसंस्कृतपणाविषयी निःशंक असलेला महाराष्ट्रातील सुशिक्षित मध्यमवर्ग मुळापासून हादरला. विद्या बाळ आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांचा नारी समता मंच त्याच काळात उभा राहिला, आणि ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शनही त्याच दुःखातून निघाले. खटल्यात सत्र न्यायालयाने पतीस देहान्ताची शिक्षा फर्मावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. परंतु जुलै १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, मृत्यू खुनाने झाला की आत्महत्येने याविषयीचा संशय पुराव्याने फिटलेला नाही असे ठरवून, त्यास निर्दोष मुक्त केले. तो निकाल अनेकांच्या जिव्हारी लागला, आणि त्यांची व्यथा समजण्याजोगी होती.

तरीही गृहांतर्गत छळाचा कायदा ज्यास समजून घ्यावयाचा आहे, मग तो फिर्यादीच्या बाजूचा असो वा आरोपीच्या, त्याने या निकालपत्राकडे शांत चित्ताने पाहिले पाहिजे. न्यायमूर्ती फजल अली यांनी परिस्थितिजन्य पुराव्याची जी पाच सूत्रे त्यात मांडली आणि ज्यांना ‘पंचशील’ म्हणण्याचा प्रघात पडला, ती आज देशातील प्रत्येक फौजदारी न्यायालयात बचावाचा वकील उद्धृत करतो. आणि त्याच निकालपत्रात, मृत स्त्रीने हयातीत आपल्या माणसांना लिहिलेली पत्रे व सांगितलेल्या हकिकती तिच्या मृत्यूच्या कारणाशी निगडित असतील तर पुराव्यात ग्राह्य धराव्यात, हे जे विवेचन आहे, ते सरकारी वकील तितक्याच वेळा उद्धृत करतो. स्त्रीचा आवाज मृत्यूनंतरही न्यायासनापुढे यावा आणि केवळ संशयावरून कोणास फासावर चढवू नये, ही दोन्ही वचने एकाच लेखणीतून, एकाच दिवशी उतरली. याच कारणास्तव माझे असे ठाम मत आहे, की पीडितेचे संरक्षण आणि आरोपीचा बचाव यांस परस्परांचे वैरी मानणे हा आपल्या सार्वजनिक चर्चेतील सर्वांत हानिकारक गैरसमज आहे. दोहोंचा आधार एकच, आणि तो म्हणजे काळजीने गोळा केलेला, तपशिलाचा, खरा पुरावा.

हा खटला चालू असतानाच, २५ डिसेंबर १९८३ पासून, भारतीय दंड संहितेत कलम ४९८ अ अंमलात आले. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतल्यावर हेच कलम ८५ आणि ८६ या क्रमांकांनी कायम राहिले आहे. पती अथवा पतीच्या नातलगाने विवाहितेस क्रूर वागणूक दिल्यास ३ वर्षांपर्यंत कारावास आणि द्रव्यदंड, अशी ही तरतूद. क्रूरतेच्या व्याख्येला दोन अंगे आहेत: स्त्रीस आत्महत्येस प्रवृत्त करील किंवा तिच्या जीवितास, अवयवास, शारीरिक वा मानसिक आरोग्यास गंभीर अपाय पोचवील असे हेतुपूर्वक वर्तन हे पहिले, आणि तिने वा तिच्या माहेरच्यांनी बेकायदेशीर मागणी पुरी करावी म्हणून केलेला छळ हे दुसरे. हुंड्याची मागणी नसेल तर गुन्हाच नाही, ही जी समजूत पोलीस ठाण्याच्या ओसरीवर वारंवार ऐकू येते, ती पहिल्या अंगाकडे दुर्लक्ष करते. दारूच्या नशेत दररोज बेदम मारणाऱ्या नवऱ्याने एक कपर्दिकही मागितली नसली, तरी तो या कलमाच्या कक्षेत येऊ शकतो.

गुन्हा दखलपात्र आहे, परंतु फिर्याद पीडितेने, तिच्या नातलगाने किंवा त्यासाठी नेमलेल्या लोकसेवकाने दिली पाहिजे. तो अजामीनपात्रही आहे, म्हणजे जामीन देणे न देणे न्यायालयाच्या विवेकाधीन आहे. सासर सोडून माहेरी आलेल्या स्त्रीने फिर्याद सासरच्या गावीच जाऊन दिली पाहिजे, असा हट्ट पूर्वी धरला जाई. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, छळाचे मानसिक परिणाम ती जेथे आश्रयास असेल तेथेही भोगीत असते, हे मान्य करून तेथील ठाण्याचा अधिकारही मान्य केला. लातूरची लेक नाशिकास दिली असेल आणि परतून आली असेल, तर लातुरातच तिची फिर्याद घेतली गेली पाहिजे.

आता त्या फिर्यादीच्या मजकुराकडे वळू, कारण पुढे खटल्याचे जे बरेवाईट होते त्याचे बीज बहुधा येथेच पडते. महाराष्ट्रातील ठाण्यांत वर्षानुवर्षे एक ठरीव वाक्यरचना चालत आलेली आहे: लग्नात मानपान नीट केला नाही, माहेरहून पैसे आणावेत, म्हणून पती, सासू, सासरे, दीर, जाऊ व नणंद यांनी संगनमत करून शिवीगाळ, मारहाण केली, उपाशीपोटी ठेवले आणि शारीरिक व मानसिक जाचहाट केला. ज्या स्त्रीने प्रत्यक्ष यातना भोगल्या तिच्या अनुभवाचे सगळे वैशिष्ट्य या साच्यात विरघळून जाते. कोणत्या महिन्यात, कोणत्या खोलीत, कोणाच्या हाताने काय घडले, त्या वेळी शेजारच्या कोणी आरडाओरडा ऐकला, दुसऱ्या दिवशी कोणत्या दवाखान्यात टाके घातले, पैसे कोणत्या खात्यातून कोणत्या खात्यात गेले, हे त्यात काहीच येत नाही. आणि तीन-चार वर्षांनी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात ती हे सर्व सांगू लागते, तेव्हा पोलिसांपुढील जबाबात यातले काही नव्हते, हा वाढीव मजकूर आहे, असे आरोपीचा वकील उलटतपासणीत सहज दाखवून देतो. खऱ्या दुःखाचा खटला अशा रीतीने साच्याच्या भाषेमुळे पडतो, आणि त्याची जबाबदारी त्या स्त्रीपेक्षा जबाब लिहून घेणाऱ्यावर अधिक आहे.

त्याच साच्याचा दुसरा बळी म्हणजे वीस कोसांवर स्वतःच्या संसारात असलेली विवाहित नणंद किंवा अंथरुणाला खिळलेले सासरे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये प्रीती गुप्ता प्रकरणात, आणि पुन्हा २०२२ मध्ये कहकशाँ कौसर प्रकरणात, नातलगांविरुद्धचे मोघम आरोप पुरेसे नाहीत, प्रत्येकाच्या कृत्याचा स्वतंत्र निर्देश हवा, असे बजावले. मोघम आरोपांतून सुटण्यासाठी असे नातलग उच्च न्यायालयात कार्यवाही रद्द करण्याचा अर्ज करू शकतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील ४८२ व्या कलमाचा हा अधिकार आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ५२८ व्या कलमात आहे, तर नव्या संहितेचे ४८२ वे कलम अटकपूर्व जामिनाचे आहे, आणि या क्रमांकबदलाने पक्षकारांचा गोंधळ उडतो, म्हणून येथे सांगून ठेवले.

अटकेविषयी सविस्तर लिहिले पाहिजे, कारण भीती तेथेच अधिक असते. एके काळी फिर्याद नोंदली की सबंध कुटुंबास गाडीत बसवून नेणे ही जणू रूढीच होती. २ जुलै २०१४ रोजी अर्नेशकुमार विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती मोडली. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक आपोआप होऊ नये. ती का आवश्यक आहे याची कारणे तपासी अंमलदाराने लिहून ठेवावीत, आणि कारणे न नोंदविता कोठडी मंजूर करणाऱ्या दंडाधिकाऱ्यासही जाब द्यावा लागेल, असे त्या निकालाने ठरविले. अटक आवश्यक नसेल तेथे हजर राहण्याची नोटीस द्यावयाची, आणि नव्या संहितेत ती ३५ व्या कलमाखाली दिली जाते. ज्यास अशी नोटीस आली त्याने ती टाळू नये, गाव सोडू नये, दिलेल्या दिवशी ठाण्यात हजर होऊन पोच घ्यावी. कारण नोटिशीचे पालन करणाऱ्यास अटक करण्यासाठी पुन्हा कारणे नोंदवावी लागतात, आणि पालन न करणारा मात्र ते कारण स्वतःच पुरवितो. अटक झालीच, तर अटकेची कारणे समजण्याचा, पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले जाण्याचा अधिकार राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदाने दिलेला आहे. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही, आणि स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणावर करता येत नाही. हे अधिकार म्हणजे कोणी केलेली मेहेरबानी नव्हे.

मग प्रामाणिक बचाव तो कोणता? पहिली गोष्ट, पुरावा नष्ट न करणे. निरोपानिरोपीचे व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेश रागाच्या भरात पुसून टाकणारे पती मी पाहिले आहेत. त्यांच्या बचावाचे साधनही त्यातच गेले. संदेश, ध्वनिमुद्रण, चित्रण यांची प्रत न्यायालयात दाखल करताना सोबत विहित प्रमाणपत्र लागते, हे २०२० मध्ये जालन्याच्या निवडणुकीतून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्धपणे ठरविले आहे; हा नियम फिर्यादीस आणि आरोपीस सारखाच लागू आहे. दुसरी गोष्ट, तारखांची जुळणी: ज्या दिवशी मारहाण झाली म्हणून सांगितले त्या दिवशी आपण अन्यत्र नोकरीवर होतो, हे हजेरीपत्रकाने, तिकिटाने, बँकेच्या नोंदीने दाखविता येते. तिसरी गोष्ट, स्त्रीधन. तिचे दागिने व वस्तू परत करण्यात दिरंगाई करणारा पती विश्वासघाताच्या निराळ्या गुन्ह्यास निमंत्रण देतो. १९८५ मध्ये प्रतिभा राणी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्त्रीधनावर पत्नीचीच मालकी असल्याचे स्पष्ट केले आहे. यादी करून, पंचांसमक्ष, सही घेऊन ते परत द्यावे.

जो बचाव पत्नीच्या चारित्र्यावर शिंतोडे उडविण्यात, तारखा पुढे ढकलण्यात किंवा तिच्या आईबापांना फोनवर धमकावण्यात खर्च होतो, तो नीतीच्या दृष्टीने हीन आहेच, शिवाय व्यवहारातही घातक आहे. धमकीचा एकच फोन जामीन रद्द होण्यास पुरेसा ठरू शकतो.

वैद्यकीय कागदपत्रांचे महत्त्व दोन्ही बाजूंस कळत नाही, असा अनुभव आहे. जखमी स्त्री सरकारी रुग्णालयात जाते तेव्हा डॉक्टर जखमेचे कारण विचारून लिहून घेतो. नवरा शेजारीच उभा असतो, आणि ती ‘जिन्यावरून पडले’ असे सांगते. हे एक वाक्य पुढे तिच्याविरुद्ध दाखविले जाते. तपासाचे आणि न्यायदानाचे काम करणाऱ्यांनी, ते वाक्य कोणाच्या सान्निध्यात उच्चारले गेले, हे विचारलेच पाहिजे. आणि डॉक्टरांनी तिच्याशी एकांतात बोलण्याची शिस्त पाळली, तर पुष्कळ खटल्यांचे सत्य पहिल्या तासातच कागदावर येईल.

फौजदारी मार्गाखेरीज दुसरा एक मार्ग २६ ऑक्टोबर २००६ पासून खुला आहे, आणि माझ्या मते पुष्कळ स्त्रियांस तोच अधिक उपयोगाचा आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली दंडाधिकाऱ्याकडे अर्ज केल्यास संरक्षणाचा, त्याच घरात राहण्याचा, निर्वाहखर्चाचा, मुलांच्या ताब्याचा व भरपाईचा आदेश मिळू शकतो. येथे प्रथमतः कोणास तुरुंगात धाडणे हा हेतूच नाही. आदेश मोडला तरच गुन्हा, आणि त्यास १ वर्षापर्यंत कारावास किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. विवाहाविना पतिपत्नीसारखी एकत्र राहणारी स्त्री, बहीण, वृद्ध आई यांनाही हा कायदा जवळ करतो. घर सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून सुनेस बाहेर काढता येते, ही समजूत २०२० च्या सतीशचंद्र आहुजा निकालानंतर टिकत नाही. प्रतिवादीने समन्स मिळताच हजर राहून लेखी म्हणणे आणि उत्पन्नाचे शपथपत्र द्यावे. गैरहजर राहिल्यास एकतर्फी हुकूम होतो आणि थकबाकीपोटी वॉरंट निघते. पतीस मात्र या कायद्याखाली पत्नीविरुद्ध अर्ज करता येत नाही. त्यास मारहाण झाली असेल तर सामान्य दंडविधानाचीच कलमे त्याच्या उपयोगी पडतात, आणि त्याची फिर्याद हसण्यावारी नेणारा अंमलदार आपल्या कर्तव्यास चुकतो.

दुरुपयोगाचा प्रश्न टाळता येणार नाही. २००५ मध्ये सुशीलकुमार शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४९८ अ या कलमाची वैधता कायम राखली आणि त्याच वेळी दुरुपयोगाविषयी कठोर शब्द वापरले. निर्दोष मुक्ततेत संपलेला प्रत्येक खटला खोटा होता असे मानणारे मात्र एक गोष्ट विसरतात, की आपल्याकडे घटस्फोट व पोटगीची तडजोड झाली की फिर्यादी स्वतःच साक्ष फिरविते, आणि खटला पुराव्याअभावी संपतो. २००३ च्या बी. एस. जोशी निकालानंतर अशा समेटातून उच्च न्यायालयात कार्यवाही रद्दही करून घेता येते. २०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, विवाहित वा पूर्वी विवाहित असलेल्या १८ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा झाल्याचे सांगितले. त्यांपैकी ठाण्याची पायरी चढणाऱ्या किती थोड्या असतात, हे आपल्या वाड्यांतून आणि चाळींतून राहिलेल्या कोणासही ठाऊक आहे.

फिर्यादीपूर्वी बोलण्यासाठी जागा आहेत. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांसमवेत सुरू केलेला महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष हा त्यांतील आद्य होय. तेथील समुपदेशन हा समेटाचा दबाव होता कामा नये, आणि ज्या घरी जिवाचे भय आहे तेथे तिला परत धाडणे हा अपराध मानला गेला पाहिजे.

वाचकांपैकी कोणावर वा कोणाच्या आप्तावर हा प्रसंग गुदरला असेल, तर एवढे ध्यानात असावे, की तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक आहेत, आणि वकिलाची ऐपत नसणे ही अडचण कायद्याने दूर केलेली आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या १२ व्या कलमान्वये प्रत्येक स्त्रीस, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. आणि त्याच कलमान्वये कोठडीत असलेल्या आरोपीसही तो मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय बहुधा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते. अर्ज साध्या कागदावर, मराठीत केला तरी चालतो.