न गंजणारी फ्रेम, अडकलेली दांडी

बालाघाटच्या भरवेली खाणीतलं मँगनीज पोलादाला बळकटी देतं. 1935 साली आलेली, सायकलींसाठी नावाजलेली रेनॉल्ड्स 531 ही नळीही मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाचीच. टायटॅनियम आणि कार्बनची जुनी रोड बाइक दुरुस्तीला घेतली, की मात्र पोलादाच्या सवयी सोडाव्या लागतात.

टायटॅनियमवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर आपोआप बसतो. ओरखडा पडला तरी लगेच पुन्हा तयार होतो. म्हणून ही फ्रेम रंगाशिवायही, इथल्या पावसाळ्यातसुद्धा, गंजत नाही. कार्बनशीही तिचं चांगलं जमतं. बळी जातो तो ॲल्युमिनियमचा. सीटची दांडी त्या धातूची असली, की घाम आणि ओलाव्यामुळे तिथे बारीकशी बॅटरीच तयार होते. ॲल्युमिनियम झिजतं, त्याचा पांढरा ऑक्साइड फुगतो आणि दांडी नळीत घट्ट बसते. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम विरघळवतो खरा, पण कार्बनचे धागे बांधून ठेवणाऱ्या इपॉक्सीला तो धोक्याचा. अशा फ्रेमवर तो वापरूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दांडी कापून आतून कोरून काढावी, वेळ लागला तरी चालेल. जुना रंग काढायला हीट गनही नको. तापलेली इपॉक्सी मऊ पडते आणि चिकटवलेले सांधे सुटू शकतात.

टायटॅनियमच्या नळीला तडा गेला असेल, तर तो बहुधा वेल्डिंगजवळ सापडतो. जोडताना आरगॉन वायू नळीच्या आतूनही सोडावा लागतो, कारण तापलेलं टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन शोषून ठिसूळ होतं. ही सोय नसलेल्या वेल्डरकडे फ्रेम देऊ नका.